मोटरसायकलमागची ट्रॉली आणि तिचे दिवे

नागपूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ३६१. यवतमाळ आणि आर्णी मागे टाकून तो महागावला येतो आणि पुढे उमरखेड, हदगाव करत नांदेडकडे निघतो. रस्ता चौपदरी झाला तसा मोटारींचा वेग वाढला. पण त्याच रस्त्यावर, त्याच अंधारात, वेगळ्या चालीची वाहनंही असतात. दिवाळी सरली की गुंज-सवन्याच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या लागतात. कापूस घरात आला की तो जिनिंगकडे निघतो. बैलांच्या टायरगाड्या तर बारमाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी यांच्या जोडीला आता मोटरसायकलमागे जोडलेली दोन चाकांची लहान ट्रॉली दिसते. फवारणीच्या पाण्याचा ड्रम, खताच्या दोन-चार बॅगा, वैरण, दुधाचे कॅन, जे असेल ते तिच्यात टाकायचं आणि निघायचं. दुसरीकडे, लांबच्या प्रवासाच्या मोठ्या मोटरसायकली घेतलेली मंडळी तंबू, स्वयंपाकाचं सामान आणि कपडे नेता यावेत म्हणून तयार ट्रेलर शोधत असतात. एकाचं काम शेतीचं, दुसऱ्याचं हौसेचं. पण ट्रॉलीला दिवे जोडायचे म्हटलं की दोघांपुढे अडचण एकच उभी राहते.

ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे ३३ मीटर तिथेच संपले. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर आणखी ३५ मीटर तरी लागतात. एकूण झाले ६८. डिपरवरच्या हेडलाइटचा उपयोगी उजेड मात्र साधारण पन्नास-साठ मीटरच पोचतो. याचा अर्थ असा की दिवा नसलेली ट्रॉली मागच्या चालकाला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. तो झोपेत नसेल, प्यायलेला नसेल, गाडीही ठाकठीक असेल, तरीही. मोटरसायकलस्वाराला वाटत राहतं की आपला मागचा दिवा लागलेला आहे. तो लागलेला असतोच, पण ट्रॉलीच्या फळीआड. मागून येणाऱ्याच्या दृष्टीने मोटरसायकल नसतेच, असते ती फक्त ट्रॉली. म्हणून मोटरसायकलच्या मागे जो जो दिवा आहे तो सगळा ट्रॉलीच्या मागच्या कडेवर पुन्हा उभा करावा लागतो आणि तो मूळ दिव्याबरोबरच लागावा-विझावा लागतो. या प्रकरणाचा विषय एवढाच आहे.

वायरिंगला हात घालण्याआधी कायद्याचं पाहून घ्या. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. कलम ६१ ट्रेलरबद्दल आहे. नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लागू होतात आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रेलरवर दिसलाच पाहिजे. मोटरसायकलला ट्रॉली जोडायची तर यवतमाळच्या परिवहन कार्यालयात, जिथून एमएच-२९ क्रमांक मिळतो, तिथे विचारल्याशिवाय वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नका. विम्याचा दावा अशाच ठिकाणी अडकतो. होंडासारखी कंपनी तर आपल्या मोटरसायकलींच्या पुस्तिकांमध्ये, ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही, असं सरळ लिहिते. परवानगी मिळाली आणि सांगाडा पक्का झाला की मग वायरिंग.

आता हिशोब विजेचा. रॉयल एनफिल्डची २०१६ साली आलेली हिमालयन घ्या. तिचा अल्टरनेटर साधारण २२० वॅटचा, आणि तोही इंजिन चांगलं फिरत असताना. इंजिन आयडलवर असलं की हा आकडा बराच खाली येतो. त्यातून हेडलाइट खातो, इग्निशन खातं आणि फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर पेट्रोलचा पंप आणि कंट्रोल युनिटही खातं. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेतो बंद करता येत नाही, त्यामुळे तिथे बचतीला वाव नाही. चालकाने मोबाइल चार्जर आणि फॉगलाइट लावलेले असतील तर शिल्लक आणखी घटते. होंडाच्या २००१ सालच्या गोल्डविंगला ११०० वॅटचा अल्टरनेटर आहे. अमेरिकेत तिच्यामागे ट्रेलर लावून लोक राज्यंच्या राज्यं पार करतात, त्याचं निम्मं कारण हेच आहे. आपल्याकडच्या मोटरसायकलींना ती ऐट नाही.

ट्रॉलीचं मागणं किती? जुन्या पद्धतीचे बल्ब लावले तर दोन टेल लाइट ५-५ वॅटचे, नंबरप्लेटचा एक ५ वॅटचा, दोन ब्रेक लाइट २१-२१ वॅटचे आणि एका बाजूचा इंडिकेटर २१ वॅटचा. ब्रेक दाबून वळताना हे सगळे एकदम लागतात आणि बेरीज ७८ वॅट होते. १२ व्होल्टवर हा साडेसहा अँपिअर करंट झाला. तेच दिवे एलईडीचे घेतले तर सगळे मिळून दहा वॅटच्या आसपास भागतं. म्हणून माझं मत ठाम आहे की मोटरसायकलमागच्या ट्रॉलीला एलईडीच लावावेत. चार पैसे जास्त जातात, पण बॅटरी वाचते. खड्ड्याखड्ड्यांत आपटून फिलामेंट तुटण्याची कटकटही उरत नाही, आणि रिकामी ट्रॉली किती उसळते हे चालवणाऱ्याला सांगायला नको.

दिवे आणले की बहुतेक जण पुढचं काम असं करतात. मोटरसायकलच्या टेल लाइटची वायर सोलायची, तिला ट्रॉलीची वायर पीळ देऊन गुंडाळायची आणि वर काळा टेप. ब्रेकचं तसंच, इंडिकेटरचंही तसंच. दिवा लागतो, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण ब्रेकच्या लिव्हरमागे जो इवलासा स्विच असतो, तो गाडीच्या स्वतःच्या २१ वॅटच्या बल्बसाठी बनवलेला आहे. ट्रॉलीचे दोन बल्ब त्यात घातले की त्याच्यातून तिप्पट करंट जाऊ लागतो. दरवेळी ब्रेक सोडताना त्याच्या पॉइंटवर ठिणगी पडते, पॉइंट काळे होतात आणि एके दिवशी ब्रेक लाइट लागायचाच थांबतो. ट्रॉलीचा आणि गाडीचाही. ट्रॉलीची वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर गाडीचा मूळ फ्यूज उडतो, आणि काही गाड्यांत त्याच फ्यूजवर हॉर्न आणि इतर दिवेही असतात. म्हणजे ट्रॉलीतला दोष गाडीला आंधळं करतो.

यावरचा उपाय शेतकऱ्याच्या घरात आधीपासून आहे. विहिरीवरच्या मोटरपंपाचा स्टार्टर उघडून पाहिला असेल तर कळेल. हिरवं बटण दाबताना मोटरचा सगळा करंट आपल्या बोटाखालून जात नाही. बटण फक्त एका कॉइलला थोडा करंट देतं, कॉइलचं चुंबक होतं, ते लोखंडी पट्टी ओढतं आणि मोठे कॉन्टॅक्ट जुळतात. मोटरसायकलवर हेच काम रिले करतो. बारा व्होल्टचा साधा चार पायांचा रिले ऑटो इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि त्याच्या पायांवर आकडे छापलेले असतात: ३०, ८७, ८५ आणि ८६. हे आकडे जर्मन मानकातले आहेत आणि जगभर तेच चालतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली वायर फ्यूजमधून ३० वर आणायची. ८७ वरून ट्रॉलीच्या दिव्याकडे जायचं. गाडीच्या मूळ दिव्याची वायर ८६ ला द्यायची आणि ८५ अर्थला. गाडीचा दिवा लागला की कॉइलला करंट मिळतो, ३० आणि ८७ जुळतात आणि ट्रॉलीचा दिवा थेट बॅटरीवर लागतो. कॉइलला लागतो एक अँपिअरचा सहावा-सातवा हिस्सा, तेवढा भार मूळ वायरला जाणवतही नाही. गाडी देते ती फक्त खूण, ताकद बॅटरीची.

असे रिले चार लागतात: टेल, ब्रेक, डावा आणि उजवा. रिले घेताना कॉइलवर डायोड असलेले मागा. कॉइल बंद होताना क्षणभर उलटा, मोठा व्होल्टेजचा झटका मारते आणि आजच्या गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना तो सोसत नाही. डायोडवाला रिले उलटा जोडून चालत नाही, म्हणूनच वर ८६ पॉझिटिव्ह आणि ८५ अर्थ असं सांगितलं. रिले सीटखाली, पाय खाली करून बसवावेत, म्हणजे पाणी आत साचत नाही.

बॅटरीवरून निघणाऱ्या वायरवरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. अनेक जण तो सोयीचा म्हणून दूर, डिकीजवळ बसवतात. फ्यूजचं काम दिवा वाचवणं नाही, वायर वाचवणं आहे. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला वायरचा तुकडा कुणाच्याच राखणीत नसतो. तो सीटखाली पत्र्याच्या धारेवर घासला तर जळण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि वर पेट्रोलची टाकी आहे. एलईडीसाठी ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

गाडी कोणती, यावर काही गोष्टी बदलतात. जुन्या स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्या आपल्याकडे अजून भरपूर चालतात, आणि त्यांच्यात एक गंमत आहे जी भल्याभल्या वायरिंगवाल्यांना चकवते. हेडलाइट आणि टेल लाइट बॅटरीवर चालत नाहीत. ते मॅग्नेटोच्या कॉइलवरून थेट एसी घेतात. हॉर्न, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर तेवढे बॅटरीवर. ओळखायचं कसं? रेस वाढवली की टेल लाइट उजळतो आणि आयडलवर मंदावतो, म्हणजे तो एसीवर आहे. या वायरला रिलेची कॉइल जोडली तर रिले मधमाशीसारखा घूं घूं करत बसतो आणि त्याचे पॉइंट जळतात. अशा गाडीत टेलच्या रिलेला खूण इग्निशन चालू झाल्यावर जिवंत होणाऱ्या डीसी वायरवरून द्यावी. मग किल्ली फिरवली की ट्रॉलीचा टेल लाइट लागतो आणि दिवसाही लागलेला राहतो. त्याने काही बिघडत नाही, उलट बरंच. मात्र या गाड्यांची बॅटरी अडीच-तीन अँपिअर अवरची, चार्जिंगही जेमतेम. तिथे बल्बची ट्रॉली लावायचा विचारच नको.

दुसऱ्या टोकाला नव्या महागड्या टूरर गाड्या. बीएमडब्ल्यूने २००४ च्या आर १२०० जीएसपासून दिव्यांसाठी स्वतंत्र वायरांच्या जागी कॅन-बस आणली. त्यात एक कंट्रोल युनिट प्रत्येक दिव्यावर किती करंट जातो यावर नजर ठेवतं आणि ठरलेल्यापेक्षा जास्त गेला की ती लाइन बंद करतं. शिवाय अशा अनेक गाड्यांत एलईडीचा एकच दिवा टेल आणि ब्रेक दोन्हीचं काम करतो. टेलसाठी तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होऊन मंद दिसतो, ब्रेकसाठी सलग लागतो. डोळ्याला ते कळत नाही, पण साध्या रिलेला कळतं आणि तो तडतडतो. अशा गाडीसाठी ट्रेलरचं तयार इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल येतं, तेच घ्यावं. गाडी कोणतीही असो, एबीएस आणि इंजिन कंट्रोल युनिट यांच्या वायरांना आणि फ्यूजना हात लावू नये.

इंडिकेटरबद्दल आणखी थोडं. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा असा नियम आहे. जुने फ्लॅशर आत तापणाऱ्या धातूच्या पट्टीवर चालतात. करंट वाढला की पट्टी लवकर तापते आणि इंडिकेटर घाईघाईने लुकलुकतो. नवे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलट वागतात. करंट कमी झाला की एखादा बल्ब उडाला असं समजून ते वेग दुप्पट करतात. थेट वायर जोडणाऱ्याची गाठ यांपैकी कोणाशी तरी पडतेच.  रिले लावला तर फ्लॅशरला ट्रॉली जोडली आहे की नाही हे समजतच नाही.

आता अर्थ. इतका वेळ थांबवून ठेवला, कारण ट्रॉलीच्या दिव्यांच्या दहा तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ इथेच सापडतं.

बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून जाऊन परत बॅटरीच्या निगेटिव्हला पोचला तरच दिवा लागतो. मोटरसायकलवर परतीचा रस्ता चॅसीच असते. म्हणून लोक ट्रॉलीलाही तेच गृहीत धरतात: दिव्याची एक वायर ट्रॉलीच्या लोखंडाला, ट्रॉलीचं लोखंड हुकाला, हुक चॅसीला, झाला अर्थ. नव्या ट्रॉलीवर तो लागतोही. पण हुकाच्या गोळ्याला ग्रीस लावलेलं असतं, आणि लावायलाच हवं. मोटरसायकल वळताना कलते, ट्रॉली कलत नाही, म्हणून तो सांधा सतत फिरत असतो. पावसाळ्यात त्याला गंज धरतो, काळ्या मातीचा चिखल बसतो. ग्रीस, गंज आणि चिखल यांतून करंट कधी जातो, कधी जात नाही.

या बिघाडाची लक्षणं एकदा नीट पाहून ठेवावीत, कारण ती चकवणारी आहेत. रिले नसलेली, थेट जोडलेली ट्रॉली घ्या, ट्रॅक्टरची असो की मोटरसायकलची. अर्थ सुटलेला आहे. डावा इंडिकेटर दिला की ट्रॉलीचा उजवा मिणमिणतो. ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर अंधुक पेटतात आणि ब्रेक लाइट अगदीच मंद दिसतो. माणूस गोंधळून सगळ्या वायरी उलटसुलट करून पाहतो, बल्ब बदलतो, फ्लॅशर बदलतो. घडत असतं ते असं: डाव्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून आलेला करंट ट्रॉलीच्या सामाईक अर्थच्या जोडापर्यंत येतो. तिथून घरी जायची वाट तुटलेली. मग तो उजव्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, त्या वायरने गाडीपर्यंत जातो आणि गाडीच्या उजव्या बल्बमधून गाडीचा अर्थ गाठतो. वाटेत दोन-तीन फिलामेंट ओलांडायच्या म्हणून सगळेच मंद. मागच्या चालकाला मात्र त्यातून भलताच निरोप जातो, आणि ओव्हरटेक करताना त्या निरोपावर तो विसंबतो. रिले असलेल्या ट्रॉलीत परतीच्या या आडवाटा बंद असतात, त्यामुळे अर्थ तुटला की सगळे दिवे सरळ विझतात. तो दोष निदान लगेच कळतो आणि शोधायलाही सोपा.

म्हणून अर्थची वायर स्वतंत्र हवी. ती प्रत्येक दिव्यापासून निघून कपलरमधून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जावी आणि बाकी वायरींपेक्षा जाड असावी, कारण सगळ्या दिव्यांचा करंट तिच्यातूनच परततो. बल्बची ट्रॉली धरून हिशोब करू. अर्ध्या चौरस मिलीमीटरच्या ३ मीटर तांब्याच्या वायरला ०.१ ओहम रोध असतो. साडेसहा अँपिअर तिच्यातून परत आणताना पाऊण व्होल्टच्या जवळपास वाटेतच जातो. ब्रेक लाइटच्या तेवढ्याच वायरमध्ये आणखी एक तृतीयांश व्होल्ट. दिव्याला पोचले ११ व्होल्ट. एवढ्याने काय होतं असं वाटेल, पण बल्बचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पट वेगाने उतरतो, आणि इथे तो जवळपास पाव भागाने घटतो. अर्थची वायर दीड चौरस मिलीमीटरची घेतली तर तिच्यातला तोटा पाऊण व्होल्टवरून पाव व्होल्टच्याही खाली येतो. एलईडीला करंट कमी लागतो, तरी अर्थ जाडच ठेवावा. पातळ वायर करंटने नाही तर हिसक्यांनी तुटते.

गाडी आणि ट्रॉली यांच्यामध्ये एवढ्या हिशोबाने पाच वायरी येतात: अर्थ, टेल आणि नंबरप्लेट, ब्रेक, डावा, उजवा. ट्रॅक्टरच्या मागे जे गोल सात पिनांचं सॉकेट असतं, त्याची मांडणी ठरलेली आहे: १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा, ५ आणि ७ दोन बाजूंचे टेल, ६ ब्रेक. घरी ट्रॅक्टर असेल तर मोटरसायकलवरही हीच मांडणी ठेवा, म्हणजे तपासायला एकच टेस्टर पुरतो. सॉकेट अवजड वाटलं तर पाणी न शिरणारे पाच-सहा पिनांचे कपलर मिळतात. एक गोष्ट मात्र पाळायची. जिवंत बाजू, म्हणजे गाडीकडची, तिचे कॉन्टॅक्ट प्लॅस्टिकच्या आत बुडालेले असावेत आणि उघड्या पिना ट्रॉलीकडे. ट्रॉली सोडल्यावर गाडीकडचा तुकडा लोंबत चॅसीला लागला तरी शॉर्ट होणार नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी इथे एक सूचना. अमेरिकेतल्या लहान ट्रेलरला बहुधा चारच वायरी असतात: पांढरी अर्थ, तपकिरी टेल, पिवळी डावी, हिरवी उजवी. ब्रेकला वेगळी वायर नाही, कारण तिथे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल दिव्यात बसवलेले असतात. गाडीचे इंडिकेटर वेगळे पिवळे असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. आपल्याकडे इंडिकेटर पिवळाच हवा, त्यामुळे तिकडून आणलेली दिव्यांची जोडी इथल्या ट्रॉलीवर जशीच्या तशी लावू नये.

गाडीतल्या वायरी ओळखताना रंगावर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. जुन्या गाडीत टेस्ट लॅम्प चालतो, नव्या गाडीत मल्टिमीटरच वापरा. मूळ वायर कापण्याऐवजी मागच्या दिव्याच्या कपलरसारखाच नर-मादी कपलर आणून मध्ये वाय जोड केला तर सगळ्यांत उत्तम. ट्रॉली विकली की तो काढायचा आणि गाडी जशी होती तशी. पिळून टेप लावलेला जोड एक पावसाळा टिकतो. उन्हाने टेपचा डिंक सुटतो, पाणी आत जातं, तांबं हिरवं पडतं. जोड थिंबल दाबून किंवा सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवावी, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने बांधावी, म्हणजे धक्का जोडावर येत नाही.

वायर किती लांब सोडायची हे गाडी उभी असताना ठरवू नये. ट्रॉली जोडून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून गाडी थोडी पुढे न्या. गाडी दोन्ही बाजूंना कलवा. वायर कुठेही ताणली जाता कामा नये आणि रस्त्यालाही टेकता कामा नये. चाकाच्या आणि चेनच्या जवळून ती नेऊ नका, सायलेन्सरच्या बाजूने तर मुळीच नाही. हुकाच्या जोडीला दोन साखळ्या असतातच, त्या फुलीसारख्या आडव्या बांधतात. साखळ्या वायरीपेक्षा आखूड ठेवाव्यात. हुक निसटला तर ओढ साखळ्यांवर यावी, वायरीवर नाही. वायर तुटली की त्या क्षणी सगळे दिवे जातात, आणि नेमकी तेव्हाच त्यांची सर्वाधिक गरज असते.

नंबरप्लेटवरचा पांढरा दिवा बहुतेक जण गाळतात. तो टेलच्याच वायरीवर लागतो, वेगळा रिले नको. कलम ६१ प्रमाणे क्रमांक ट्रॉलीवर हवा, आणि तो रात्री वाचता आला तरच उपयोग. त्याच्या जोडीला रेडियमची पट्टी लावा: मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. गळीत हंगाम सुरू होताना अनेक ठिकाणी परिवहन विभाग आणि कारखाने उसाच्या ट्रॉल्यांना अशा पट्ट्या लावून देतात. ते चांगलंच आहे. पण पट्टी दुसऱ्याच्या हेडलाइटवर चमकते, स्वतःहून नाही, आणि ब्रेक लागला की नाही हे तर ती सांगूच शकत नाही. पट्टी लावली म्हणून दिवे नकोत, हा हिशोब चुकीचा आहे.

तपासणी दोघांनी करावी. एक गाडीवर, दुसरा ट्रॉलीच्या मागे वीस पावलांवर. आधी एकेक दिवा: टेल, ब्रेक, डावा, उजवा. पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहा, दोन्हींचे स्विच निरनिराळे असतात. एकेक दिवा नीट लागला तरी तपासणी पुरी झाली नाही. आता टेल चालू ठेवून ब्रेक दाबा आणि वर इंडिकेटर द्या, म्हणजे तिन्ही एकदम. अर्थ कच्चा असेल तर तो इथेच उघडा पडतो. इंडिकेटर लागताना ब्रेक लाइट दबतो, किंवा ठोक्याठोक्याला टेल लाइट थरथरतो. मल्टिमीटर असेल तर या अवस्थेत ट्रॉलीच्या दिव्याचा अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांमध्ये व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थचा जोड उघडा, घासा आणि पुन्हा बांधा. शेवटी ट्रॉली हाताने जोरात हलवत हीच परीक्षा पुन्हा घ्या. माहूरचा घाट ट्रॉलीला यापेक्षा कमी हलवत नाही.

पावसाळा संपला की, म्हणजे सोयाबीन निघून उसाला आणि कापसाला हात लागायच्या आधी, कपलर उघडून पाहावा. पिनांवर हिरवट थर असेल तर बारीक सँडपेपरने काढावा आणि व्हॅसलीनचा हात फिरवावा. ट्रॉली सोडलेली असताना तिच्या कपलरला टोपण नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी बांधून तो दांडीवर उलटा टांगावा, तोंड खाली. जमिनीवर टाकलेला कपलर एकाच रात्रीत मातीने भरतो.